पानावरचा पट्टा आणि त्यामागचे कारण

इंकजेट प्रिंटरमधून निघालेल्या पानावर पट्टा उमटतो तेव्हा त्याचे कारण बहुधा त्या पट्ट्यातच दिसत असते. पट्टा आडवा आहे की उभा, पांढरा आहे की काळसर, एकाच रंगात आहे की सगळ्या रंगांत, ठरावीक अंतराने पुन्हा येतो की पानावर कुठेही उमटतो, एवढे नीट पाहिले तरी दोष शाई फेकणाऱ्या हेडमध्ये आहे, कागद सरकवणाऱ्या रोलरांत आहे की कागदातच आहे, याचा बराचसा उलगडा होतो. घरोघरी मात्र पट्टा दिसला की लगेच हेड क्लीनिंगची आज्ञा दिली जाते आणि पट्टा गेला नाही तर ती पुनःपुन्हा दिली जाते. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई खर्ची पडते आणि रोलरवरचा डाग किंवा चुकीची सेटिंग मात्र जिथल्या तिथे राहते. म्हणून या प्रकरणात आधी पट्ट्याची परीक्षा आणि मग उपाय, असा क्रम ठेवला आहे.

थेंब कागदावर कसा पोहोचतो

इंकजेट प्रिंटरचे हेड एका दांडीवरून कागदाच्या रुंदीभर डावी-उजवीकडे धावते. हेडच्या खालच्या बाजूला अतिसूक्ष्म छिद्रांच्या रांगा असतात. या छिद्रांना नोझल म्हणतात. घरगुती इंक टँक प्रिंटरांत काळ्या शाईसाठी १८० आणि निळी, किरमिजी व पिवळी या प्रत्येक रंगासाठी ५९ नोझल, अशी मांडणी पाहायला मिळते. हेडची एक फेरी झाली की कागद थोडा पुढे सरकतो आणि पुढची फेरी सुरू होते. पान असे आडव्या पट्ट्या एकाखाली एक जोडत तयार होते. पट्ट्यांचा जवळजवळ सगळा अभ्यास या दोन हालचालींवर उभा आहे: हेड आडवे चालते आणि कागद उभा सरकतो.

थेंब फेकण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत नोझलमागचा सूक्ष्म तापक काही मायक्रोसेकंदांत ३०० अंश सेल्सिअसच्या वर जातो, शाईत वाफेचा बुडबुडा फुगतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगची तापलेली सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. कॅननच्या बबल जेट तंत्राची सुरुवात त्या घटनेपासून सांगितली जाते. ह्यूलेट-पॅकार्डने याच तत्त्वावर स्वतंत्रपणे काम करून १९८४ मध्ये थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आणला. दुसऱ्या पद्धतीत उष्णता लागत नाही. विजेचा दाब दिल्यावर आकार बदलणारा पिझो स्फटिक शाईला धक्का देतो आणि थेंब सुटतो. एप्सन आणि ब्रदर यांचे प्रिंटर या पद्धतीचे आहेत.

दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. एचपी आणि कॅननच्या अनेक स्वस्त प्रिंटरांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. एचपी ८०३ किंवा कॅनन पीजी-७४५ बदलले की हेडही नवे मिळते. एप्सनचे पिझो हेड यंत्रात कायमचे बसवलेले असते आणि ते बदलण्याचा खर्च कधी कधी प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जातो. कॅननच्या जी मालिकेत टाक्या बाजूला असल्या तरी हेड मात्र बदलता येते. आपल्या प्रिंटरचे हेड बदलता येणारे आहे की कायमचे, हे माहीत असले म्हणजे हाताने साफसफाई करताना किती धोका पत्करायचा ते ठरवता येते.

थेंबाच्या आकारावरून या यंत्राचा नाजूकपणा लक्षात येतो. घरगुती प्रिंटरचा लहानात लहान थेंब सुमारे ३ पिकोलिटरचा असतो. एक मिलिलिटर शाईत असे ३३ कोटी थेंब मावतात. अशा थेंबाचा व्यास साधारण १८ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढा. इतक्या लहान वाटेत वाळलेल्या शाईचा कण, कागदाचा तंतू किंवा हवेचा बुडबुडा आला की थेंब सुटत नाही, आणि त्या नोझलच्या वाटेवर कागद कोरा राहतो.

पट्ट्याची परीक्षा

परीक्षेआधी एक शक्यता बाजूला काढावी लागते. स्कॅनर जोडलेल्या प्रिंटरवर झेरॉक्स काढताना रेघ येते, पण संगणकावरून किंवा मोबाइलवरून दिलेली प्रिंट स्वच्छ येते, असे असेल तर दोष स्कॅनरच्या काचेवर आहे. वरून कागद ओढून घेणारा फीडर असेल तर मुख्य काचेच्या कडेची अरुंद काचपट्टी तपासावी. तिच्यावरचा वाळलेल्या व्हाइटनरचा ठिपका झेरॉक्सवर पानभर लांब रेघ होऊन उमटतो. मऊ ओलसर कापडाने काच पुसली की प्रश्न मिटतो.

छापण्यातलाच दोष असेल तर दिशा पाहावी. येथे आडवे आणि उभे हे शब्द मजकुराच्या नव्हे, तर कागदाच्या प्रवासाच्या संदर्भात घ्यायचे असतात. तक्ता लँडस्केपमध्ये छापला तर मजकूर पानावर फिरतो आणि हेडमुळे आलेली आडवी रेघ वाचताना उभी दिसते. म्हणून कागदाची कोणती कड आधी आत गेली ते लक्षात ठेवून पान त्या दिशेने धरावे.

आडव्या, बारीक, पांढऱ्या रेघा हे बंद नोझलचे लक्षण आहे. ड्राफ्ट मोडमध्ये पानाची प्रत्येक पट्टी हेडच्या एकाच फेरीत छापली जाते, त्यामुळे एक नोझल बंद असले तरी दर फेरीला त्याच जागी रेघ सुटते. चांगल्या दर्जाच्या मोडमध्ये एकाच जागेवरून हेड अनेकदा जाते, दर वेळी वेगळे नोझल तिथे येते आणि सुटलेली जागा बरीचशी भरून निघते. त्यामुळे मजकूर ड्राफ्टमध्ये रेघाळलेला आणि हाय मोडमध्ये बरा दिसत असेल, तर काही मोजकी नोझल बंद आहेत असे समजावे.

रेघा एका रंगातच असतील तर त्या रंगाचे नोझल किंवा त्याची शाई दोषी असते. मजकूर स्वच्छ पण फोटो रेघाळलेला, हेही अनेकदा दिसते. पुष्कळ प्रिंटर साध्या कागदावर मजकुरासाठी काळी शाई वापरतात आणि फोटोतली गडद छटा रंगीत शायांच्या मिश्रणातून बनवतात. अशा वेळी काळ्या शाईकडे न पाहता तिन्ही रंग तपासावेत.

पानाच्या उंचीवर अगदी समान अंतराने फिकट किंवा गडद रेघा येत असतील आणि त्या सगळ्या रंगांत सारख्याच असतील, तर कागद सरकण्यात चूक आहे. कागद गरजेपेक्षा जास्त सरकला की दोन पट्ट्यांत फट राहते, कमी सरकला की पट्ट्या एकमेकींवर चढून गडद रेघ होते. उभ्या रेषा दातेरी, दुहेरी किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत असतील तर हेडची जुळणी बिघडली आहे. कागदाच्या प्रवासाच्या दिशेने लांब ओढल्यासारखे काळसर डाग दिसले तर रोलर मळले आहेत किंवा हेड कागदाला घासत आहे.

नोझल चेक

पहिल्या अंदाजाची खातरजमा नोझल चेक या छोट्या चाचणीने होते. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधल्या मेंटेनन्स विभागात, यंत्राच्या पडद्यावर किंवा बटणे विशिष्ट प्रकारे दाबून ती काढता येते. तिच्यात प्रत्येक रंगाची, बारीक रेघांची एक जाळी छापली जाते. जाळीतली प्रत्येक रेघ म्हणजे एक नोझल. रेघ तुटली किंवा गायब झाली की नेमके कोणते नोझल बंद आहे ते कळते. या चाचणीला शाई नगण्य लागते, म्हणून ती कितीदाही काढली तरी चालते.

पिवळी जाळी पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाही आणि तिच्यातल्या फटी नजरेतून निसटतात. निळ्या प्रकाशात पिवळा रंग गडद दिसतो, त्यामुळे मोबाइलचा पडदा पूर्ण निळा करून त्याच्या उजेडात कागद पाहिला तर फटी स्पष्ट होतात.

एकापेक्षा जास्त चाचण्यांची पाने शेजारी ठेवून पाहिली तर निदान आणखी पुढे जाते. फटी दर वेळी त्याच जागी असतील तर तिथे शाई वाळली आहे किंवा ती नोझल कायमची निकामी झाली आहेत. फटींची जागा दर चाचणीला बदलत असेल तर नळीत किंवा हेडमध्ये हवा शिरली आहे. चाचणी निर्दोष येते, पण भरगच्च रंगाचे पान वरून खाली फिकट होत जाते, याचा अर्थ शाईचा पुरवठा छपाईच्या वेगाला पुरत नाही. क्लीनिंगनंतर चाचणी उत्तम येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फटी दिसतात, तेव्हा हेडचे झाकण नीट बसत नाही असा संशय घ्यावा. आणि चाचणीतली प्रत्येक रेघ अखंड असूनही पानावर पट्टे येत असतील, तर क्लीनिंगचा विचार सोडून कागद, रोलर आणि सेटिंगकडे वळावे.

शाई का वाळते

इंकजेटच्या शाईचा मोठा भाग पाणी असतो. त्यात रंगद्रव्य, शाई लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखे द्रव आणि पृष्ठताण आटोक्यात ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. टोपण न लावता ठेवलेल्या फाउंटन पेनच्या निबेवर जे होते तेच नोझलच्या तोंडाशी होते: पाणी उडते, उरलेली शाई घट्ट होते आणि वाट बंद करते. हे टाळण्यासाठी काम संपल्यावर हेड उजव्या किंवा डाव्या टोकाला जाऊन एका रबरी झाकणावर बसते.

प्रिंटर त्याच्या स्वतःच्या पॉवर बटणाने बंद केला, तर वाटेत असलेले हेडही आधी झाकणावर जाते. आपल्याकडे मात्र वीज वाचवण्यासाठी किंवा सवयीने थेट भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद केले जाते. छपाई नुकतीच चालू असेल किंवा कागद अडकलेला असेल, तर अशा वेळी हेड वाटेतच उघडे राहते. अचानक वीज गेल्यावरही हेच होते. वीज परत आली की प्रिंटर एकदा चालू करून, हेड जागेवर जाऊ देऊन, मग पॉवर बटणाने बंद करणे हा साधा उपाय आहे.

हवामानाचाही वाटा आहे. घरगुती प्रिंटर साधारण १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रता यांसाठी बनवलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. शाळा-कॉलेजांना सुट्टी लागल्यामुळे प्रिंटरही पडून असतो. जूनमध्ये अर्ज आणि दाखले छापायची वेळ येते तेव्हा हेड सुकलेले सापडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात शाई वाळण्याचा त्रास कमी, पण कागदाचा जास्त, हे पुढे येईलच.

शाईच्या प्रकाराप्रमाणे अडथळ्याचे स्वरूप बदलते. डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे वाळलेली डाय शाई ओलाव्याने पुन्हा सुटते. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण पाण्यात तरंगत असतात. ती पाण्याला आणि उन्हाला जास्त टिकते, म्हणून मजकुराच्या काळ्या शाईसाठी अनेक कंपन्या ती वापरतात. पण एकदा नोझलमध्ये घट्ट बसली की सहज निघत नाही.

हेड क्लीनिंग: क्रम आणि मर्यादा

क्लीनिंगची आज्ञा दिल्यावर रबरी झाकण हेडवर दाबले जाते, खालचा पंप नोझलमधून शाई ओढून घेतो, मग रबराची पट्टी हेडचा तळ पुसते आणि शेवटी थोडे थेंब उडवून नोझल ताजी केली जातात. ओढलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जमा होते. ही शाई पुन्हा वापरता येत नाही.

योग्य क्रम असा: नोझल चेक, एक क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. सुधारणा दिसत असेल तर आणखी एक फेरी. तीन फेऱ्यांनंतरही फटी उरल्या तर थांबावे. एप्सन आपल्या इंक टँक प्रिंटरांसाठी अशा वेळी किमान १२ तास छपाई न करता यंत्र बंद ठेवायला आणि मग पुन्हा चाचणी घ्यायला सांगते. कॅनन डीप क्लीनिंगनंतर २४ तास थांबून पुन्हा डीप क्लीनिंग करायला सांगते. या थांबण्यामागे कारण आहे. झाकणातल्या ओलाव्याने वाळलेली शाई हळूहळू मऊ होते आणि हेडमधले बारीक बुडबुडे शाईत विरघळतात किंवा वर निघून जातात. घाईघाईने केलेल्या सलग दहा क्लीनिंगपेक्षा एका रात्रीची विश्रांती अनेकदा जास्त काम करते.

यापुढची पायरी म्हणजे पॉवर क्लीनिंग किंवा इंक फ्लशिंग. त्यात नळ्यांमधली जवळजवळ सगळी शाई बदलली जाते, म्हणून टाकी किमान एक तृतीयांश भरलेली असणे आवश्यक असते. टाकी रिकामी असताना हा उपाय केला तर शाईऐवजी हवाच ओढली जाते आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. दोन पॉवर क्लीनिंगमध्येही १२ तासांचे अंतर ठेवायचे असते.

टाकी, नळी आणि हवा

एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात मोठ्या टाकीचे प्रिंटर प्रथम विक्रीला आणले; पुढे इतर कंपन्यांनीही तसे प्रिंटर काढले आणि भारतातल्या घरांत, झेरॉक्सच्या दुकानांत ते पसरले. छपाई स्वस्त झाली, पण टाकीपासून हेडपर्यंत जाणाऱ्या लांब नळ्यांमुळे हवेचा प्रश्न आला. टाकीतली शाई खालच्या खुणेखाली गेली तरी छापत राहणे, घर बदलताना प्रिंटर आडवा करून टेम्पोत ठेवणे, किंवा पहिल्यांदा शाई भरताना चालणारी प्रक्रिया मध्येच बंद पाडणे, या तिन्ही कारणांनी नळीत हवा शिरते. पारदर्शक नळीत तुटक रंग दिसला तर निदान पक्के होते. टाकी भरून, यंत्र सपाट ठेवून, विश्रांती आणि क्लीनिंग यांनी हवा निघते. जुन्या काही मॉडेलांत टाकीजवळ वाहतुकीच्या वेळी नळी बंद करण्याचा खटका असतो. तो पुन्हा छपाईच्या स्थितीत फिरवायचा राहिला तर शाई पोहोचतच नाही.

कार्ट्रिजमध्ये शाई स्पंजात धरलेली असते आणि ती खाली उतरण्यासाठी वरून हवा आत येण्याची सूक्ष्म वाट ठेवलेली असते. बाहेर रिफिल करताना ही वाट चिकटपट्टीने बंद झाली तर आत पोकळी तयार होते. सुरुवातीच्या काही ओळी गडद आणि मग पान फिकट, असा परिणाम दिसतो. नव्या कार्ट्रिजच्या नोझलवरची संरक्षक पट्टी काढायची राहून गेली तर मात्र काहीच छापले जात नाही. उष्णतेवर चालणाऱ्या हेडमध्ये रिकामे कार्ट्रिज वापरत राहणे घातक असते. शाई तापकाला थंडही ठेवते. ती नसताना तापक जळतो आणि ते नोझल पुन्हा कधीच चालू होत नाही.

कार्ट्रिजची हाताने सफाई

हेडसह येणारे कार्ट्रिज बाहेर काढून साफ करता येते. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. ते बॅटरीच्या किंवा औषधांच्या दुकानात मिळते. बोअरच्या किंवा नळाच्या जड पाण्यातले क्षार नोझलमध्येच साठतात. कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओले केलेले, तंतू न सोडणारे कापड सपाट ठेवून त्यावर कार्ट्रिजची नोझलची बाजू अलगद टेकवावी आणि एक-दोन मिनिटे तशीच ठेवावी. कापडावर शाईचे सलग ठसे उमटू लागले म्हणजे वाट मोकळी झाली. तिरंगी कार्ट्रिजमध्ये तिन्ही रंगांचे वेगवेगळे ठसे दिसले पाहिजेत. घासू नये; नोझलची पट्टी अतिशय पातळ असते. टिश्यू पेपर किंवा कापसाचा बोळा टाळावा, कारण त्याचे तंतू छिद्रांत अडकतात. तांब्याच्या संपर्कबिंदूंना बोट लावू नये. त्यांवर शाई लागली असेल तर ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यावे.

रबरी झाकणाच्या कडेवर शाईचा थर साचला असेल तर पंपाला हवाबंद जागा मिळत नाही. मग क्लीनिंगमध्ये शाईऐवजी हवा ओढली जाते, शिवाय रात्रभरात हेड सुकते. कापडाच्या ओल्या टोकाने ही कड आणि शेजारची पुसणारी पट्टी साफ केली की पुष्कळदा जुनाट त्रास थांबतो. हेड हाताने सरकवताना प्रिंटरचा प्लग काढलेला असावा. तीव्र रसायने वापरू नयेत; त्यांनी रबर फुगते आणि हेडमधले चिकटवलेले सांधे सुटतात.

जुळणी आणि कागदाची चाल

हेड दोन्ही दिशांना धावताना छापते. डावीकडे जाताना आणि उजवीकडे येताना पडलेले थेंब एकाच रेषेत यावेत म्हणून यंत्रात वेळेचे बारीक गणित साठवलेले असते. कार्ट्रिज बदलल्यावर किंवा प्रिंटर हलवल्यावर ते चुकू शकते. हेड अलाइनमेंट ही आज्ञा नमुने छापते. त्यांतला सर्वांत सलग नमुना निवडला की गणित पुन्हा जुळते. काही यंत्रे छापलेला नमुना स्कॅनरवर ठेवून स्वतःच जुळणी करतात. तपासणीसाठी सेटिंगमधली दोन्ही दिशांची, म्हणजे हाय स्पीड छपाई बंद करून पाहावे. दातेरीपणा गेला तर दोष जुळणीचाच होता.

आपण नेमके कुठे आहोत हे हेडला एका पारदर्शक प्लॅस्टिक पट्टीवरून कळते. ही पट्टी हेडच्या वाटेभर ताणलेली असते आणि तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा अतिबारीक रेषा असतात. तिच्यावर शाईचा किंवा ग्रीसचा डाग पडला की हेड त्या जागी गोंधळते. पानाच्या रुंदीवर ठरावीक ठिकाणी चित्र फाटल्यासारखे होते, किंवा हेड एका बाजूला जाऊन आदळते. कोरड्या मऊ कापडाने किंवा किंचित पाण्याने पट्टी हळुवार पुसावी. ती हुकातून निसटू देऊ नये.

समान अंतरावरच्या रेघांसाठी प्रथम कागदाच्या प्रकाराची सेटिंग पाहावी. फोटो पेपर घालून प्लेन पेपर निवडले, किंवा उलट केले, तर शाईचे प्रमाणही चुकते आणि कागदाची चालही. रोलरवर कागदाची भुकटी साचली तर पकड सुटते. प्रिंटरमध्ये रोलर क्लीनिंगची आज्ञा असेल तर ती वापरावी; नसेल तर ओलसर कापडाने रोलर फिरवत पुसावा. पानाच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत कागद मुख्य रोलरमधून सुटून फक्त बाहेरच्या रोलरांच्या हाती असतो. तेवढ्याच भागात रेघा येत असतील तर यंत्र बिघडलेले नाही. खालचा समास थोडा वाढवला की पुरे.

डाग आणि ओरखडे

पट्ट्यांऐवजी ओढल्यासारखे डाग येतात तेव्हा कागदाकडे पाहावे. पावसाळ्यात उघड्या रिममधला कागद दमट होतो, कडा वर उचलल्या जातात आणि अगदी थोड्या अंतरावरून धावणारे हेड त्या कडांना घासते. कागद वेष्टनात ठेवणे, ट्रेमध्ये लागेल तेवढाच घालणे आणि वाकलेला गठ्ठा उलट्या बाजूने वाकवून सपाट करणे, एवढ्याने हा त्रास बराच आटोक्यात येतो. साध्या छपाईसाठी ७५ ते ८० जीएसएमचा कागद चांगला. जाड कार्डशीट किंवा लिफाफ्यासाठी सेटिंगमध्ये हेड आणि कागद यांच्यातले अंतर वाढवण्याची सोय अनेक प्रिंटरांत असते. फोटो पेपरची चकचकीत बाजू सोडून मागची बाजू छापली गेली तर शाई शोषली जात नाही आणि पान हाताला लागते.

पानाच्या मागच्या बाजूला डाग येत असतील तर कागद ज्या पट्टीवरून जातो ती मळलेली असते. समास न सोडता फोटो छापताना कागदाबाहेर उडालेली शाई तिथेच साचते. एक-दोन कोरे कागद डाग थांबेपर्यंत आतून फिरवणे हा पहिला उपाय. बाहेर पडण्याच्या वाटेवरची दातेरी चाके ओल्या शाईवरून जाताना ठिपक्यांची रांग उमटवतात. शाईचे प्रमाण कमी केले किंवा वाळायला वेळ वाढवला की ती जाते.

शाईची निवड

स्थानिक बाजारात मिळणारी दुसऱ्या कंपनीची शाई वापरायला हरकत नाही, पण ती त्याच प्रकारची हवी. हेडची रचना ठरावीक दाटपणा आणि पृष्ठताण गृहीत धरून केलेली असते. डाय शाईच्या टाकीत पिगमेंट शाई ओतली तर दोहोंतल्या द्रव्यांची प्रतिक्रिया होऊन गुठळ्या बनू शकतात आणि त्या संपूर्ण नळी बंद करतात. चुकून दुसरा रंग ओतला गेला तर छपाई लगेच थांबवावी. रंग नळीतून हेडपर्यंत जाण्याआधी टाकी रिकामी करून धुतली तर नुकसान कमी होते. बाटलीवरची मुदत पाहावी आणि बाटली उभी, उन्हापासून दूर ठेवावी.

शोषक पॅड आणि सर्व्हिस सेंटर

वारंवार क्लीनिंगचा छुपा खर्च शोषक पॅडवर दिसतो. पॅडमध्ये किती शाई गेली याचा हिशोब प्रिंटर स्वतः ठेवतो आणि मर्यादा आली की छपाई थांबवतो. कॅननच्या काही मॉडेलांवर तेव्हा ५बी०० हा क्रमांक दिसतो. नुसता हिशोब रिसेट करणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण पॅड न बदलता तसे केले तर पुढे शाई तळातून टेबलावर उतरते. नव्या काही प्रिंटरांत हे पॅड डब्याच्या रूपात घरीच बदलता येते. इतरांत ते काम सर्व्हिस सेंटरचे.

विश्रांती, क्लीनिंग आणि पॉवर क्लीनिंग होऊनही त्याच जागी फटी राहिल्या, एखादा रंग पूर्ण बंद राहिला किंवा पंप चालण्याचा आवाजच येत नसेल, तर घरचे उपाय संपले. कार्ट्रिज बदलता येत असेल तर नवे घालून पाहणे हा सर्वांत स्वस्त निवाडा असतो. हेड कायमचे असेल तर ते बदलण्याचा अंदाजी खर्च आधी विचारून, नव्या प्रिंटरच्या किमतीशी ताडून निर्णय घ्यावा.

एरवीची काळजी थोडक्यात सांगता येते. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एखादे पान छापावे, प्रिंटर पॉवर बटणानेच बंद करावा, टाकीतली शाई खालच्या खुणेच्या वर ठेवावी, कागद कोरडा आणि सपाट असावा. तरीही पट्टा आलाच, तर आधी त्याची दिशा पाहावी, मग नोझल चेक काढावा, आणि क्लीनिंगची आज्ञा त्यानंतरच द्यावी.